हजर पर्वत ते शर्किया वाळवंट: ओमानमध्ये एकट्याने गाडी आणि तंबू

मार्ग असा: मस्कत, रुस्ताक, वादी बनी औफ, अल हमरा, जेबल शम्स, निझवा, बिदिया, शर्किया वाळवंट आणि परत मस्कत. तीन मुक्कामांत हा फेरा होतो. चार ठेवले तर घाई राहत नाही. मस्कत-दुबईकडच्या मराठी मंडळींना लांबच्या सुट्टीत सहज जमण्यासारखा आहे. पण एकट्याने जायचे असेल तर एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. डोंगराचा भाग पुरा करा, वाळूचा बेत मात्र निम्म्यावर आणा. डोंगरात गाडी अडली तरी ती रस्त्यावर असते आणि तासा-दोन तासांत कोणीतरी येते. दोन वाळूच्या टेकड्यांमधल्या खोलगटात अडलेली गाडी शंभर मीटरवरून जाणाऱ्यालाही दिसत नाही.

काळ नोव्हेंबर ते मार्च. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो आणि दऱ्यांमध्ये त्याच्या बरेच आधी अंधारून येते. तंबूची जागा चारपर्यंत हाताशी हवी.

गाडी लो रेंज (सावकाश पण जास्त जोराने ओढणारे खालचे गिअर) असलेली, चारही चाकांना जोर देणारी खरी फोर बाय फोर हवी: प्राडो, पजेरो, पॅट्रोल, एफजे यांपैकी कुठलीही. भाड्याची घेत असाल तर करार नीट वाचा. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान बहुतेक करारांत विम्याबाहेर असते, आणि कच्च्या रस्त्यावर नेमके तेच होते. दुबईहून स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी ओमानपुरता विमा (ऑरेंज कार्ड) सीमेआधीच काढून ठेवावा.

सामानात पूर्ण मापाची स्टेपनी हवी, जमल्यास दोन. ट्यूबलेस पंक्चर किट घ्याच, पण इथल्या धारदार खडीने टायरची बाजू चिरली तर किटमधल्या रबरी पट्ट्यांचा उपयोग नाही. म्हणून दुसरी स्टेपनी. कंप्रेसर बॅटरीला थेट चिमट्याने जोडायचा असावा. लायटरच्या सॉकेटवर मोठा कंप्रेसर लावला की फ्यूज उडतो. लांब दांड्याचे फावडे, रुतलेल्या चाकाला पकड मिळावी म्हणून वाळूत टाकायच्या दोन पट्ट्या, आणि जॅकखाली ठेवायला 18 मिमी जाडीची दीड फूट चौरस प्लायवूडची फळी. फळी नसेल तर वाळूत जॅक गाडीला उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जातो. पिण्याचे पाणी माणशी रोज 5 लिटर, शिवाय 20 लिटर राखीव, आणि तेही दोन वेगळ्या कॅनमध्ये. एक कॅन गळला तर निम्मे तरी हाती राहते.

मस्कतहून बरका, नखल करत मार्ग 13 ने निघा. अल अवाबी आणि रुस्ताकच्या मध्ये वादी बनी औफचा फाटा आहे. तिथून शराफ अल अलमैनची खिंड ओलांडून अल हमरापर्यंत सुमारे 70 किलोमीटर, थांबे धरून चार ते पाच तास. रस्त्याचे काम अधूनमधून निघते, म्हणून टाकी भरतानाच रुस्ताकला चौकशी करावी. ही वाट उत्तरेकडूनच करावी असे माझे ठाम मत आहे. खडा चढ लो रेंजमध्ये ताब्यात राहतो. तोच उतार म्हणून घेतला तर सुट्या खडीवर ब्रेक दाबताच चाके घसरतात.

फाट्यावर टायरची हवा 35 वरून 26 ते 28 पीएसआयवर आणा. खडीचे दणके कमी बसतात आणि चिरण्याचा धोकाही घटतो. मात्र या हवेवर वेग 60 च्या आत ठेवा, नाहीतर टायर तापतो. वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली नदी, आणि सुरुवातीची वाट तिच्या पात्रातूनच जाते. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना वर डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. माथ्याकडे काळे ढग दिसले किंवा पाणी अचानक गढूळ झाले, तर सामान आवरत बसू नका, गाडी काठावर उंच घ्या. वाहत्या वादीत गाडी घालणे हा ओमानमध्ये शिक्षेस पात्र गुन्हा आहे. एकट्याने तर गुडघ्याच्या खालचे पाणीसुद्धा आधी चालत जाऊन पाहावे.

वाटेत आधी झम्मा गाव, मग बिलाद सैत. खजुरीची बाग, पायऱ्यांसारखी शेते आणि मागे उभा कडा. गाव वरच्या वळणावरूनच नीट दिसते. आत गाडी नेऊ नये, गल्ल्या अरुंद आहेत आणि लोकांची घरे आहेत. पुढच्या हात्त गावानंतर खरी चढण लागते. अनेक ठिकाणी दोन गाड्या बसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, मागे राहिलेली शेवटची रुंद जागा लक्षात ठेवा, आणि समोरून गाडी आलीच तर चढणाऱ्याला आधी वाट. एकट्याने रिव्हर्स घेताना शेजारी सांगणारा नसतो, म्हणून दरीकडचा आरसा खाली वळवून मागचे चाक दिसेल असा ठेवा. शराफ अल अलमैनला साधारण दोन हजार मीटर उंची आहे. तिथून अल हमराकडे डांबरी उतार आहे.

जेबल शम्सच्या पठारावर, वादी घुलच्या दरीजवळ, पहिला मुक्काम. थंडीत रात्री पारा शून्याजवळ जातो. स्टोव्हच्या साध्या ब्युटेन गॅसच्या डब्याची वायू होण्याची क्षमता शून्याच्या आसपासच संपते, म्हणून सकाळच्या चहासाठी डबा रात्री स्लीपिंग बॅगेत घ्या. जमीन खडकाळ आहे, खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. तंबू कड्यापासून निदान पन्नास पावले आत लावा, वारा दरीतून वर उसळतो. शेळ्या सामानात तोंड घालतात, खाणे गाडीत बंद ठेवा. वेळ असेल तर अल खितैम गावाहून कड्याच्या पोटातली वाट पायी करावी. वाट सोपी आहे, पण तिला कठडा नाही. जेबल अख्दर जोडायचे असेल तर बिरकत अल मौजच्या चौकीवर फोर बाय फोर असल्याशिवाय वर सोडत नाहीत. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा.

निझवाला पेट्रोल, पाणी, बर्फ आणि विकतचे सरपण घ्या. वाळवंटातल्या घाफच्या झाडांना हात लावू नये. घाफ म्हणजे आपली शमीच, आणि तिथे सावली आणि चारा तेवढाच.

बिदियाला टाकी पुन्हा काठोकाठ भरा. वाळूत पेट्रोल दीडपट-दुप्पट लागते. शर्किया वाळवंट उत्तर-दक्षिण सुमारे 180 किलोमीटर पसरले आहे आणि उत्तरेकडच्या टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच आहेत. या टेकड्या उत्तर-दक्षिण रांगांत आहेत, म्हणून रांगांमधल्या सपाटीतून आत जाणे सोपे, आणि रांग आडवी ओलांडणे हे दोन गाड्यांचे काम. एकट्याने समुद्रापर्यंत आरपार जाऊ नये. तंबू-हॉटेलांकडे जाणारी मळलेली वाट धरा आणि मुक्काम तिच्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत करा. तेवढ्यात चाकांची खूण धरून पहाटे चालत परत येता येते. त्याहून आत अडलात तर गाडी सोडू नका. जाण्यापूर्वी एका माणसाला जागेचे अक्षांश-रेखांश आणि परतीची वेळ कळवा, आणि त्या वेळेनंतर दोन तासांनी 9999 ला फोन करायला सांगा.

हवेचे गणित इथे चुकते. दुपारी टायर तापलेला असतो. तेव्हा 18 पीएसआय ठेवले तर पहाटे थंड टायरमध्ये 14 च भरतात, आणि तीव्र वळण घेतले की टायर रिममधून निसटतो. म्हणून गरम टायरला 20 ठेवा. सकाळी 16 च्या आसपास येते आणि ते वाळूला योग्य आहे.

सेंटर डिफ लॉक (पुढच्या आणि मागच्या चाकांना सारखा जोर देणारे कुलूप) चालू, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच जोर आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद. ब्रेक शक्यतो वापरू नका. ब्रेकने पुढच्या चाकांसमोर वाळूचा ढीग होतो आणि सुटताना तोच आडवा येतो. पाय उचलला की गाडी आपोआप थांबते; थांबायचे ते उतारावर तोंड करून. उतार नेहमी सरळ उतरा. मागची बाजू सरकू लागली तर स्टिअरिंग उताराकडे वळवून किंचित ॲक्सिलरेटर द्या. सकाळी वाळू घट्ट असते आणि सावल्यांमुळे खड्डे दिसतात. भर दुपारी सगळे सपाट भासते आणि माथ्यापलीकडचा कडा कळत नाही, म्हणून माथा आधी पायी चढून पाहा.

रुतलात तर पाय लगेच उचला. चाक फिरवत राहिले की दहा सेकंदांत ॲक्सल टेकतो. प्रथम आलेल्याच खुणांवरून हलकेच मागे या. जमले नाही तर खाली वाकून पाहा: गाडीचे पोट टेकले असेल तर आधी पोटाखालची वाळू काढा, मग चारही चाकांपुढे टायरभर लांबीचा चर. हवा 12 वर आणा, पट्ट्या चाकाला भिडवा, स्टिअरिंग सरळ ठेवून लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये निघा. पट्ट्यांना आधी दोन मीटरची रंगीत दोरी बांधा, त्या वाळूत गडप होतात. आणि सुटल्यावर पट्ट्या उचलायला लगेच थांबू नका. कडक जमीन लागेपर्यंत जा आणि चालत मागे या. 12 पीएसआयवर वेग 20 च्या आत, वळण मोठे, आणि बाहेर पडताच हवा पुन्हा वाढवा.

बिदियाला परतल्यावर डांबरी रस्त्याआधी हवा 35 करा, चाकांचे नट आवळा, एअर फिल्टर काढून झटका. मस्कतचा परतीचा सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता दिवसाउजेडीच संपवा, कारण रात्री रस्त्यावर उंट येतात आणि दिव्यांत त्यांचे फक्त पाय दिसतात. घरी आल्यावर गाडीचा तळ पाण्याने धुण्याआधी ब्रेकच्या पत्र्यामागची वाळू कंप्रेसरच्या हवेने उडवा, ओली वाळू तिथे घट्ट बसते आणि डिस्कवर ओरखडे पडतात.