आमची वाटचाल : माणसे कुठून आली, त्याची वही

भोसरी एमआयडीसीत आमचा सीएनसी जॉबवर्कचा, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर इतरांचे सुटे भाग बनवून देण्याचा, छोटा कारखाना आहे. शाफ्ट, बुश, हाउसिंग अशी वाहनउद्योगाची कामे आम्ही करतो. सुरुवात मी आणि माझे भागीदार अशी दोघांनी केली. ते पूर्वी इन्स्पेक्शन विभागात होते आणि मायक्रोमीटरचे शून्य तपासल्याशिवाय जॉबला (बनवायच्या भागाला) हात लावीत नसत. त्यामुळे माणसे घेतानाही ते मोजमाप करणार, हे ओघानेच आले.

रुजू होणाऱ्या प्रत्येकाचे नाव, ट्रेड आणि तो कोणत्या वाटेने आला, याची वही त्यांनी पहिल्यापासून ठेवली. औंधचे आयटीआय, गेटवरची पाटी, वर्तमानपत्रातील जाहिरात, लेबर कॉन्ट्रॅक्टर, आमच्याच कामगाराची ओळख आणि पुढे जॉब पोर्टल असे तिचे रकाने होते. हा प्रश्न ते दोनदा विचारीत, एकदा रुजू होताना आणि एकदा पहिल्या पगाराच्या वेळी. कारण पोर्टलवरून अर्ज केलेल्या मुलाला जागा रिकामी असल्याचे मुळात आमच्याच एखाद्या ऑपरेटरने सांगितलेले असे, आणि तसे निघाले की दोन्ही रकान्यांत खूण होई. वर्षभराने त्याच ओळीत आणखी तीन नोंदी होत: माणूस टिकला का, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः देऊन मशीनचे सेटिंग करू लागला का आणि त्याच्या मशीनचे रिजेक्शन, म्हणजे नापास जॉब, किती. सुपरवायझरचे मत मात्र वहीत घ्यायचे नाही, यावर ते ठाम होते, कारण आपल्या गावचा मुलगा कोणालाही हुशारच वाटतो.

या वहीची किंमत २०२० मध्ये कळली. आधीच्या वर्षीच्या मंदीने आम्ही वाकलो होतो, त्यात टाळेबंदी आली आणि ती उठून ऑर्डर परतू लागल्या, तेव्हा आमच्याच गल्लीतल्या, आमचेच काम करणाऱ्या एका कारखान्याने (नाव घेण्याची माझी इच्छा नाही) आमच्याच लेबर कॉन्ट्रॅक्टरला हाताशी धरून आमची माणसे उचलली. रात्रपाळी बंद पडली, बँकेचा हप्ता तोंडावर होता, आणि आमच्याकडून सर्वांत मोठ्या कामाचा पार्ट (सुटा भाग) घेणाऱ्या ग्राहकाला त्याच शेजाऱ्याने कमी दराचे कोटेशन पाठवले. चाकणच्या त्या ग्राहकाचे खरेदी अधिकारी स्वतः आले, इन्स्पेक्शनच्या टेबलाशी उभे राहून बोअर गेजवर (भोकाचा व्यास मोजायच्या साधनावर) तयार जॉब तपासले, शेड्यूल थोडे पुढे ढकलून दिले आणि मागील बिले मुदतीआधी काढली. त्यांचा पार्ट आजही आमच्याकडेच आहे. दरवाढ मागताना मात्र आमची जीभ जड होते.

गेले कोण, हे भागीदारांनी वहीत पाहिले. कॉन्ट्रॅक्टरची माणसे जवळजवळ सगळी गेली होती, पोर्टलवरून आलेल्यांपैकी बरीच गेली होती. अप्रेंटिस म्हणून आमच्याकडेच शिकलेली मुले मात्र मशीनवर उभी होती. ओळखीने आलेल्यांचा निकाल संमिश्र होता, कारण बहुतेक थांबले असले तरी चुलत-मावस भावांचा एक घोळका एकदमच गेला. तेव्हापासून कोणाच्या ओळखीने, हेही आम्ही लिहितो आणि एकाच घरातील माणसे एका पाळीत ठेवत नाही.

नव्या कारखानदारांनी विचारलेले नाही, तरी सांगतो. हेल्पर आणि सेटर (मशीन लावून देणारा कुशल कामगार) यांची तुलना एका रकान्यात करू नका. चार मुलांतून दोन गेली तर त्याची टक्केवारी काढू नका, आणखी माणसे येऊ द्या. कॉन्ट्रॅक्टरचे कमिशन तेवढाच खर्च धरू नका. शिकताना फुटलेले इन्सर्ट (टूलची बदलायची धारदार टोके), स्क्रॅप आणि सोडून गेलेल्याच्या जागी पुन्हा दिलेले प्रशिक्षण त्याच रकान्यात टाका, म्हणजे दोन दिवसांत माणूस देणारी वाट केवढ्याला पडते ते दिसेल. अप्रेंटिसबद्दल उगाच बिचकले जाते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालील सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असतील तर ते घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान कारखान्यालाही चार कामगारांपासून पुढे स्वेच्छेने घेता येतात, आणि २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. मुलगा शिकेपर्यंत धीर धरावा लागतो, एवढेच.

शेजारी आजही संघटनेच्या बैठकीत आपल्याकडच्या कुशल मनुष्यबळाविषयी बोलतात. त्या मनुष्यबळातले सेटर शून्य घ्यायला (मशीनला जॉबचा आरंभबिंदू द्यायला) कोणाच्या मशीनवर शिकले, हे तिथे कोणी विचारत नाही. त्यांच्यापैकी काही जण पुढे आमच्याकडे परत आले, तेव्हा त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे यावर आम्हा दोघांत वाद झाला. मी म्हणत होतो, जुनाच रकाना लिहा. भागीदारांनी मात्र ‘परत आलेले’ असा वेगळा रकाना आखला. त्यांना सोडून जातानाचाच पगार द्यायचा, हा निर्णय माझा होता आणि तो मी बदललेला नाही.