मल्टिकास्ट येत नाहीये? पॅकेट शोधायच्या आधी जॉइन शोधा

एका कॉम्प्युटरवरून २३९.१.१.१ या मल्टिकास्ट ग्रुपला (म्हणजे एकदाच पाठवून मागणाऱ्या सगळ्यांना मिळावं यासाठीचा पत्ता) डेटा जातोय, दुसऱ्यावर रिसीव्हर चालू करून ठेवलाय, दोघं एकाच स्विचला लावलेत, एकमेकांना पिंग मस्त जातोय, आणि तरी रिसीव्हरवर एक बाइटसुद्धा येत नाही. एरर पण नाही, नुसती शांतता. मल्टिकास्टमध्ये डोकं फिरवणारी गोष्ट हीच, की काही बिघडलं तर कोणी सांगत नाही. आणि त्याला कारण आहे, आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कवर एरर कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, नियमच आहे की मल्टिकास्ट पत्त्यावर गेलेल्या पॅकेटबद्दल एरर परत पाठवायची नाही, म्हणजे पोर्टवर कोणी ऐकत नसलं, टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं ती मर्यादा) संपला, काहीही झालं तरी पाठवणाऱ्याला कळणार नाही. त्यामुळे पाठवणाऱ्या मशीनवर बसून तुम्ही कितीही लॉग वाचलेत तरी तिथे उत्तर नाहीये.

पिंग जातोय यावर पण फार विसंबू नका. तो युनिकास्ट आहे, म्हणजे एकाने एकालाच पाठवलेला, त्याने केबल ठीक आहे आणि आयपी ठीक आहेत एवढंच कळतं. काहीजण २२४.०.०.१ ला, म्हणजे लॅनवरच्या सगळ्या मशीनच्या ग्रुपला, पिंग मारून बघतात आणि उत्तर नाही आलं की मल्टिकास्ट बंद आहे असं धरून चालतात, पण लिनक्स डीफॉल्टनेच अशा पिंगला उत्तर देत नाही, तेव्हा त्यावरून काहीच ठरत नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. युनिकास्टमध्ये पाठवणारा ठरवतो कुणाला द्यायचं ते, मल्टिकास्टमध्ये घेणाऱ्याने मागावं लागतं. स्टीव्ह डीअरिंगने १९८९ च्या आरएफसी १११२ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये हे मॉडेल मांडलं तेव्हापासून ते असंच आहे, पाठवणाऱ्याला कोण ऐकतंय हे माहीत नसतं आणि माहीत असायची गरज पण नसते. म्हणजे प्रॉब्लेम आला की आपला हात आपोआप सेंडरकडे जातो, पण बघायचं असतं ते हे की रिसीव्हरची मागणी, म्हणजे ग्रुप जॉइन, निघाली का, कुठल्या नेटवर्क कार्डावरून निघाली, आणि अजून जिवंत आहे का. या तीन प्रश्नांत बहुतेक केसेस सुटतात.

तर आधी रिसीव्हर मशीनवर बसा. लिनक्सवर 'आयपी एमॲडर शो' मारा किंवा 'नेटस्टॅट'ला जी आणि एन हे ऑप्शन देऊन चालवा, विंडोजवर 'नेटश इंटरफेस आयपी शो जॉइन्स'. प्रत्येक कार्डाखाली कुठले ग्रुप जॉइन झालेत त्याची यादी येते. तुमचा ग्रुप त्यात दिसला पाहिजे, आणि नुसता दिसून उपयोग नाही, बरोबर कार्डाखाली दिसला पाहिजे. प्रॉक फोल्डरमधली आयजीएमपी फाइल (आयजीएमपी म्हणजे ग्रुप जॉइनची मागणी नेणारा प्रोटोकॉल) उघडलीत तर तिथे ग्रुप हेक्समध्ये आणि नेहमीच्या प्रोसेसरवर उलट्या क्रमाने लिहिलेला असतो, २३९.१.१.१ शोधताय आणि फाइलमध्ये ०१०१०१ईएफ दिसतंय तर तोच तुमचा ग्रुप आहे, ईएफ म्हणजे २३९.

हे चुकीचं कार्ड प्रकरण इतकं कॉमन आहे की मी नेहमी तिथूनच सुरुवात करतो. आजकाल एका मशीनला एकच नेटवर्क कार्ड असं राहिलंच नाही, वायर्ड आहे, वायफाय आहे, व्हीपीएन चालू आहे, व्हर्च्युअलबॉक्सने एक होस्ट ओन्ली ॲडाप्टर टाकलाय, डॉकरने आपला ब्रिज टाकलाय. आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने जॉइन करताना इंटरफेसच्या जागी 'कुठलाही' असं दिलेलं असतं, सगळ्या सॅम्पल कोडमध्ये तसंच असतं. आपल्याला वाटतं कुठलाही म्हणजे सगळे. पण तसं नाहीये, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्यातून एकच निवडतो, आणि लिनक्सवर तो निवडतो राउटिंग टेबल बघून. 'आयपी रूट गेट' पुढे ग्रुपचा पत्ता देऊन बघा, जे कार्ड उत्तरात येईल तिथेच जॉइन होणार. बहुतेक वेळा ते डीफॉल्ट गेटवेचं कार्ड असतं, म्हणजे व्हीपीएन चालू केलं की जॉइन गुपचूप व्हीपीएनकडे जाऊ शकतं आणि तुमचा डेटा मात्र वायर्ड कार्डावर येतोय. एखाद्या बंदिस्त लॅनमध्ये डीफॉल्ट गेटवेच नसेल तर उलटं होतं, जॉइन करतानाच 'नो सच डिव्हाइस' असा एरर येतो आणि लोक कार्डाचा ड्रायव्हर तपासत बसतात. दोन्हीला उपाय एकच, कोडमध्ये इंटरफेसचा आयपी स्पष्ट द्या. कोड आपल्या हातात नसेल तर २२४.०.०.० स्लॅश ४ चा, म्हणजे सगळ्या मल्टिकास्ट पत्त्यांचा, रूट बरोबर कार्डाकडे टाका. सेंडरला पण हाच नियम आहे, तिथे बाहेर जायचं कार्ड वेगळ्या सॉकेट ऑप्शनने द्यावं लागतं.

आता जॉइन बरोबर कार्डावर आहे असं धरू. पुढे बघायचं की ती मागणी वायरवर गेली का. रिसीव्हरवर 'टीसीपीडम्प'ला (कार्डावरची पॅकेट दाखवणारं टूल) मायनस व्हीव्ही आणि फक्त आयजीएमपी हा फिल्टर देऊन चालू ठेवा आणि मग प्रोग्राम बंद करून परत चालू करा. चालू केल्या केल्या २२४.०.०.२२ कडे जाणारा एक आयजीएमपी व्ही३ रिपोर्ट दिसायला हवा, त्यात तुमच्या ग्रुपचा पत्ता आणि त्याच्यापुढे 'टू एक्स' आणि रिकामा महिरपी कंस. ती ओळ म्हणजे 'मला या ग्रुपचं, कुठूनही आलेलं, सगळं पाहिजे' अशी मागणी. थोड्याच वेळात तीच ओळ परत येते, ते मुद्दाम असतं, एखादं पॅकेट हरवलं तर म्हणून. ही ओळच आली नाही तर पुढे स्विचकडे बघण्यात अर्थ नाही. एक जागा पटकन तपासा, बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर कडक फायरवॉल असेल तर आयजीएमपी त्यात अडकतो, कारण तो टीसीपी पण नाही आणि यूडीपी पण नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल नंबर २ आहे आणि नियम लिहिताना तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

'टीसीपीडम्प'बद्दल इथेच एक सांगून ठेवतो कारण यावरून फार चुकीचे निष्कर्ष निघतात. 'टीसीपीडम्प' ग्रुप जॉइन करत नाही. तो फक्त आपलं कार्ड प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये (समोर येईल ते सगळं आत घेणं) टाकतो, स्विचला काही सांगत नाही. त्यामुळे रिसीव्हर बंद ठेवून नुसता 'टीसीपीडम्प' लावला आणि काही दिसलं नाही म्हणून 'नेटवर्कवर पॅकेटच नाहीये' असं म्हणता येत नाही, मागितलंच नाही तर स्विच देईल कशाला. उलट बाजूने, 'टीसीपीडम्प'मध्ये दिसतंय म्हणून प्रोग्रामपर्यंत पोचणारच असंही नाही, तो फायरवॉलच्या आधी बघतो. मी त्याला नेहमी मायनस पी देऊन चालवतो म्हणजे प्रॉमिस्क्युअस मोड लागत नाही आणि कार्डाने खरंच काय आत घेतलं ते दिसतं. आणि कधी असं झालं की साधा 'टीसीपीडम्प' लावला की प्रोग्राम चालतो आणि काढला की बंद पडतो, तर सरळ कार्डाच्या ड्रायव्हरच्या मल्टिकास्ट फिल्टरवर संशय घ्या.

पॅकेट 'टीसीपीडम्प'मध्ये दिसतंय, जॉइन बरोबर आहे, तरी प्रोग्रामला मिळत नाही, ही लिनक्सवरची केस वेगळीच छळते. फायरवॉल बंद करून बघितला तरी तेच. दोन कार्डं असलेल्या मशीनवर असं झालं तर रिव्हर्स पाथ फिल्टर बघा, आरपी फिल्टर म्हणतात तो. समजा इंटरनेट पहिल्या कार्डावर आहे आणि मल्टिकास्ट दुसऱ्या कार्डावर येतंय, आणि सेंडरचा आयपी दुसऱ्याच सबनेटमधला आहे ज्याचा रूट या मशीनला माहीत नाही. कर्नल विचार करतो, या आयपीला मी उत्तर पाठवलं असतं तर पहिल्या कार्डावरून पाठवलं असतं, मग हे दुसऱ्यावरून कसं आलं, आणि टाकून देतो. कुठेही बोंब नाही. 'एनस्टॅट' या कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या कमांडमध्ये आयपी रिव्हर्स पाथ फिल्टरचा एक काउंटर असतो, डेटा येत असताना तो आकडा वाढतोय का बघा, वाढत असेल तर चोर सापडला. सेंडरच्या सबनेटचा रूट दुसऱ्या कार्डाकडे टाका, किंवा फिल्टरची व्हॅल्यू १ वरून २ करा म्हणजे तो सैल होतो. नुसतं त्या कार्डाचं सेटिंग ० करून भागत नाही, 'ऑल'चं (सगळ्या कार्डांचं सामाईक सेटिंग) आणि कार्डाचं यातलं जे मोठं ते लागू होतं, म्हणून कार्डावर ० आणि 'ऑल'वर १ असेल तर फिल्टर चालूच राहतो.

आता स्विच. साध्या स्विचला मल्टिकास्ट म्हणजे ब्रॉडकास्टच, सगळ्या पोर्टवर ओततो, तिथे प्रश्न येत नाही. मॅनेज्ड स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग असतं, म्हणजे स्विच ते जॉइनचे रिपोर्ट चोरून ऐकतो आणि ज्या पोर्टवरून मागणी आली तिथेच डेटा देतो. कल्पना उत्तमच आहे. पण ही मागणी कायमची नसते, ती मुदतीची असते. कुणीतरी अधूनमधून 'अजून कोणाला पाहिजे का' असं विचारावं लागतं, त्याला क्वेरिअर म्हणतात, डीफॉल्टने तो १२५ सेकंदांनी विचारतो आणि ज्यांना पाहिजे ते परत रिपोर्ट पाठवतात. हा क्वेरिअर सहसा राउटर असतो. आता छोट्या लॅनमध्ये मल्टिकास्ट राउटर नसतोच, मग विचारणारं कोणी नाही, म्हणून कोणी परत सांगत नाही, आणि २६० सेकंद झाले की स्विच म्हणतो कोणाला नको दिसतंय आणि पोर्ट बंद करतो. हा २६० कुठून आला तर १२५ दुणे २५० आणि उत्तराला द्यायचे १० सेकंद.

याची खूण एकदा लक्षात ठेवली की कधी विसरत नाही: प्रोग्राम चालू केला की डेटा येतो, चारएक मिनिटांनी थांबतो, रीस्टार्ट केला की परत येतो. सगळे प्रोग्रामला शिव्या घालतात, मेमरी लीक शोधतात, कोणी दर तीन मिनिटांनी रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट लिहितो, आणि ती चालते पण, कारण प्रत्येक रीस्टार्टला नवीन जॉइन जातो! तपासायला सोपं आहे, तोच आयजीएमपीचा फिल्टर लावून पाचेक मिनिटं बसा, २२४.०.०.१ कडे जाणारी क्वेरी एकदा तरी दिसली पाहिजे. नाही दिसली तर क्वेरिअर नाही. मग स्विचवरच क्वेरिअर चालू करा, बऱ्याच स्विचेसमध्ये स्नूपिंगच्या शेजारीच ते सेटिंग असतं आणि त्यासाठी त्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या त्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) स्विचला आयपी द्यावा लागू शकतो. लिनक्स ब्रिजलाही क्वेरिअर करता येतं. टेस्टपुरतं स्नूपिंग बंद करून बघायला हरकत नाही, निदान पक्कं होतं, पण तसंच सोडून देऊ नका, व्हिडिओसारखा जड डेटा असेल तर तो मग प्रत्येक पोर्टवर जातो आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांना भोगावं लागतं.

ग्रुपचा पत्ता निवडताना पण थोडं बघा. आयपीच्या शेवटच्या २३ बिट्सच मॅक ॲड्रेसमध्ये (स्विच बघतो तो कार्डाच्या पातळीवरचा पत्ता) जातात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या ग्रुपचा मॅक एकच होतो. २३९.०.०.१ किंवा २३९.१२८.०.१ घेतलात तर त्याचा मॅक २२४.०.०.१ चाच येतो, आणि २२४.०.०.० च्या त्या पट्ट्याला स्विच स्नूपिंग सहसा लावत नाहीत, म्हणजे तुमचा डेटा सगळीकडे ओतला जाऊ शकतो. २३९ च्या रेंजमधलेच घ्या, फक्त २३९.०.०.० आणि २३९.१२८.०.० चे हे दोन पट्टे सोडून.

प्रोग्राम बाजूला ठेवून टेस्ट करायची असेल तर 'आयपर्फ २' हे नेटवर्क तपासायचं टूल घ्या, ३ नको, ३ मध्ये मल्टिकास्ट नाहीये. रिसीव्हरवर सर्व्हर मोडमध्ये ग्रुपला बाइंड करा, सेंडरवरून यूडीपीने त्याच ग्रुपला पाठवा, दोन मिनिटांत कळतं नेटवर्कचा दोष आहे की कोडचा. तिथे आलं आणि तुमच्या प्रोग्राममध्ये नाही आलं तर इंटरफेस, पोर्ट आणि विंडोजवर फायरवॉलचं प्रोफाइल बघा, नेटवर्क पब्लिक म्हणून लागलेलं असेल तर बाहेरून आलेलं यूडीपी सहसा दारातच अडतं. डॉकरमध्ये असेल तर साध्या ब्रिज नेटवर्कच्या कंटेनरपर्यंत लॅनचं मल्टिकास्ट पोचत नाही, होस्ट नेटवर्कवर चालवून बघा.

आणि येतंय पण तुटक तुटक येतंय, असं वायफायवर असेल तर वर लिहिलेल्यातलं काही लागू नाही. वायफायवर मल्टिकास्टला पोच नसते, हरवलेली फ्रेम परत पाठवली जात नाही, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून ती कमी स्पीडने जाते, त्यामुळे जड स्ट्रीम तिथे गुदमरतो. काही ॲक्सेस पॉइंट्समध्ये मल्टिकास्टचं युनिकास्ट करून द्यायचं सेटिंग असतं, ते चालू केलं की फरक लगेच दिसतो. ते नसेल तर रिसीव्हरला केबल लावा.