अगोरा: आधी घरी, मग अथेन्सला

मोनास्तिराकी मेट्रो स्थानकातून बाहेर पडून आड्रियानू रस्त्याने पश्चिमेकडे थोडं चाललं की डावीकडे एक कठडा लागतो. खाली खड्ड्यात दगडी पाया, त्यापलीकडे मेट्रोचे रूळ, आणि रुळांच्या पलीकडे प्राचीन अगोराचा, म्हणजे जुन्या अथेन्सच्या बाजारचौकाचा, मोठा भाग. बहुतेक प्रवासी उजवीकडच्या खानावळी बघत पुढे निघून जातात. तो पाया रॉयल स्टोआचा. स्टोआ म्हणजे खांबांची लांब ओसरी, आणि ही ‘आर्खोन बासिलेउस’ (शब्दशः ‘राजा’ आर्खोन) या अधिकाऱ्याची कचेरी. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर आरोप दाखल झाला तो याच अधिकाऱ्यापुढे. दर्शनी बाजूला एक ओबडधोबड लांबट दगड पडलाय. आर्खोन, म्हणजे शहराचे मुख्य अधिकारी, त्याच्यावर उभे राहून शपथ घेत. माझ्या बहिणीने फोनवर पौसानिआसचं प्रवासवर्णन काढून मोठ्याने वाचलं: उजव्या हाताची पहिली स्टोआ ती राजाची. दुसऱ्या शतकातल्या प्रवाशाचं हे वाक्य अभ्यासक वर्षानुवर्षं पडताळत होते, आणि 1970 मध्ये हा पाया सापडला. तेवढ्यात रुळांवरून मेट्रो धडधडत गेली. माझ्या अंगावर काटा आला.

घरी चार महिने वाचन केलं नसतं तर मीसुद्धा तिथून सरळ पुढे गेले असते. म्हणून हे लिहितेय.

या नादाचं मूळ कार्ल्याला आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. ‘यवन’ हा शब्द आयोनियन ग्रीकांच्या नावावरून आला, हे कळलं तेव्हापासून त्यांचं मूळ घर बघायचं मनात होतं.

सुरुवात व्याख्यानांनी करा. येल विद्यापीठातले डोनाल्ड केगन यांची ग्रीक इतिहासावरची 24 व्याख्यानं ओपन येल कोर्सेसवर फुकट आहेत, लिखित मजकुरासकट. 2007 मध्ये चित्रित झालेली आहेत, पण कोण कोणाच्या आधी, कोण कोणाशी का लढलं, हा सांगाडा त्यातून पक्का होतो. नुसत्या सुट्या चित्रफिती बघत बसलात तर अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस आणि अलेक्झांडर एकाच काळातले वाटायला लागतात.

मग मूळ ग्रंथ. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथालयात हिरोडोटस आणि थ्युसिडिडीज हे इतिहासकार, शिवाय पौसानिआस, मूळ ग्रीक आणि इंग्रजी भाषांतरासह मिळतात. भाषांतरं बरीच जुनी आहेत, इंग्रजी जड वाटेल. प्रवासात मात्र टोपोसटेक्स्ट हे संकेतस्थळ जास्त उपयोगी पडतं, कारण त्यात नकाशावरच्या ठिकाणावर बोट ठेवलं की त्या जागेबद्दल प्राचीन लेखक काय म्हणतात ते समोर येतं. एक गोष्ट विसरू नका: पौसानिआस पेरिक्लिसनंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी आला. त्याने पाहिलं ते रोमन राजवटीतलं अथेन्स. शिलालेखांसाठी ‘अ‍ॅटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन’वर इंग्रजी भाषांतरं आहेत. एरवी संग्रहालयात अक्षरांनी भरलेला संगमरवर आपण अर्ध्या मिनिटात मागे टाकतो. हे वाचून गेलात तर तिथे थांबाल.

पण खरा खजिना अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीजचा. ही संस्था 1931 पासून अगोरात उत्खनन करते आहे. तिच्या सचित्र पुस्तिका पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवता येतात, आणि उत्खननाची सगळी सामग्री, म्हणजे वस्तू, छायाचित्रं, आराखडे, हाताने लिहिलेल्या नोंदवह्या, संकेतस्थळावर शोधता येते. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि त्याआधी एक अक्षर: ‘पी’ म्हणजे मडकी, ‘आय’ म्हणजे शिलालेख, ‘एल’ म्हणजे दिवे. अगोराचं संग्रहालय अटॅलोसच्या स्टोआत आहे, तिथे फलकावर हा क्रमांक दिसला की लिहून घ्या.

पीडीएफ फोनमध्ये साठवूनच न्या. आम्ही नुसते दुवे जपून ठेवले होते. पहिल्या दिवशी सिमच चालू झालं नाही, आणि केरामेइकोस या प्राचीन दफनभूमीत आम्ही आठवणीवर फिरलो. तरी फेरी तिथूनच सुरू करा. दिपिलोन वेशीचे अवशेष तिथे आहेत, आणि पौसानिआसच्या क्रमाने अगोरात शिरायचं तर तीच वाट. गर्दी कमी, एरिदानोसचा झरा, गवतात कासवं. थडग्यांच्या रस्त्यावर हेगेसोची शिळा दिसेल ती प्रतिकृती आहे. मूळ राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दासीने पुढे धरलेल्या पेटीतून हेगेसो दागिना उचलून बघते आहे. तिच्या चिमटीतला दागिना रंगवलेला होता, तो रंग उडून गेला. आता ती रिकाम्या बोटांकडे बघत बसलेली दिसते.

अक्रोपोलिसचं तिकीट ऑनलाइन, वेळ ठरवून काढा. उन्हाळ्यात जाऊ नका, उष्णतेच्या लाटेत भर दुपारी बंद ठेवतात. शेजारचा अरेओपागसचा खडक फुकट आहे पण झिजून गुळगुळीत झालाय, चांगल्या तळव्याचे बूट हवेत. नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांना प्रवेश मोफत असतो. हिवाळ्यात ती लवकर बंद होतात, वेळा आधी बघून घ्या.

आणि ग्रीक मुळाक्षरं शिका. आठ दिवस पुरतात. अगोराच्या संग्रहालयात काचेमागे खापरं मांडली आहेत. एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षं हद्दपार करायचं तर नागरिक खापरावर त्याचं नाव ओरखडून ते मत म्हणून टाकत. मी एकेक अक्षर लावत गेले. सुरुवातीला थीटा, म्हणजे वर्तुळ. मग एप्सिलोन. थे-मि-स्थो-क्लेस. आपण थेमिस्टोक्लिस म्हणतो, पण लिहिणाऱ्याने मध्ये ‘थ’च ओरखडला होता. पर्शियनांविरुद्ध सालामिसची लढाई जिंकून देणारा हा माणूस, आणि दहा वर्षांच्या आतच त्याच्या नावाची ही खापरं.

खापराचा क्रमांक वहीत उतरवून घेतला. रात्री खोलीवर संकेतस्थळावर टाकला, तर ते खापर सापडलं त्या दिवसाचं नोंदवहीचं पान उघडलं. शिसपेन्सिलीने लिहिलेलं. बहीण झोपली होती, तिला उठवून दाखवलं.