आकृतीवर विश्वास कधी ठेवायचा: भूमिती आणि संभाव्यता शिकवण्याचा माझा अनुभव

बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याची शिकवणी घेताना पहिल्या तासाला मी भूमितीही शिकवत नाही आणि संभाव्यताही नाही. कोरा कागद देतो आणि तीन कामं सांगतो. विशालकोन त्रिकोण काढून त्याचे तिन्ही शिरोलंब (शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेले लंब) दाखव. १३० अंशांचा कोन काढ. आणि तिसरं: एका पिशवीत ८ गोट्या, त्यांतल्या ३ लाल, दुसरीत ५, त्यांतल्या २ लाल. न बघता लाल गोटी काढायची तर कोणती पिशवी घेशील? ‘पहिली, तिच्यात लाल जास्त आहेत’ असं उत्तर आलं तर दुखणं अपूर्णांकांचं असतं. ३/८ म्हणजे ०.३७५ आणि २/५ म्हणजे ०.४. ही तुलना जमेपर्यंत संभाव्यता बाजूला ठेवतो.

भूमितीत बहुतेक मुलं आकृतीवर नको तेवढा विश्वास ठेवतात, तर संभाव्यतेत आकृती काढतच नाहीत. माझं निम्मं काम ही अदलाबदल करण्याचं असतं.

कोनमापकावर अंकांच्या दोन ओळी असतात, म्हणून १३०च्या जागी ५० वाचलं जातं. उपाय साधा आहे: कोनमापक ठेवण्याआधी कोन लघु की विशाल ते तोंडाने सांगायचं. दुसरी चूक सहज दिसत नाही. शून्याची रेघ आणि कोनमापकाची खालची कड बऱ्याचदा एक नसतात. कड कोनाच्या भुजेवर ठेवली की माप चुकतं.

खरा वेळ जातो तो उंचीवर. ‘पाया’ म्हणजे खालची आडवी बाजू आणि ‘उंची’ म्हणजे कागदावर उभी रेघ, असं मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. तिरकी बाजूच उंची म्हणून सूत्रात टाकणं हा त्याचाच पुढचा भाग. यासाठी मी १३, १४ आणि १५ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण काढायला लावतो. १४चा पाया आखायचा, कंपासने एका टोकाकडून १३चा आणि दुसऱ्याकडून १५चा कंस मारायचा, मग त्रिकोण कापून घ्यायचा. प्रत्येक बाजू आळीपाळीने पाया धरून गुण्याने उंची मोजायची. १४वर ती १२ येते, १५वर ११.२, १३वर साधारण १२.९. पहिल्या दोन्ही वेळा क्षेत्रफळ ८४ चौरस सेंटिमीटर, तिसऱ्या वेळी ८३.८५. हा फरक खोडू देत नाही, १२.९ ही एका दशांश स्थळापर्यंतची जवळची किंमत आहे म्हणून तो आला, हे त्यालाच शोधू देतो. त्यानंतर विशालकोन त्रिकोणाचा पाया वाढवून बाहेर लंब टाकायला सांगितलं की फारसा विरोध होत नाही.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे कागदाचे कोपरे जुळवून दाखवतात. कोपरे कात्रीने कापू नयेत, हातानेच फाडावेत. कात्रीने कापलेल्या तुकड्याला तीन सरळ बाजू असतात, मग मूळचा कोपरा कोणता तेच कळत नाही. फाडण्याआधी तिन्ही कोनांवर पेन्सिलीने खूण करावी, हे त्याहून बरं. पण हे सगळं फक्त पटवण्यापुरतं. मोजून बेरीज १७८ किंवा १८१ आली की मुलं गुपचूप एक कोन बदलून १८० करतात. तिथे थांबून शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढायची आणि व्युत्क्रम कोन (समांतर रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या दोन बाजूंचे समान कोन) दाखवायचे. आता मोजमापाची गरजच उरत नाही.

संभाव्यतेत मी नाण्यापेक्षा दोन फाशांवर जास्त वेळ घालवतो. बेरीज ७ येण्याची संभाव्यता विचारली की हमखास उत्तर १/११ येतं, कारण २ ते १२ अशा बेरजा अकरा. वाद न घालता खेळायला बसतो: ७ आली तर गुण मला, १२ आली तर त्याला. थोड्याच वेळात तक्रार येते. मग एक लाल आणि एक निळा फासा घेऊन ६ × ६ चा तक्ता. लाल १, निळा २ आणि लाल २, निळा १ ही दोन वेगळी घरं आहेत हे रंगांमुळे पटतं. ७ साठी ६ घरं, १२ साठी एकच. इथे उत्साहाच्या भरात काही मुलं (४, ४) सुद्धा दोनदा लिहितात आणि एकूण निष्पत्ती (शक्य निकाल) ४२ होतात. तक्त्यात त्यांना ते घर बोटाने दाखवायला सांगावं. ‘किमान एका फाशावर ६’ साठी १२/३६ म्हणणाऱ्यालाही तक्ताच सावरतो: सहाची ओळ आणि सहाचा स्तंभ एका घरात छेदतात, म्हणून ११/३६.

१/११ सारख्या चुकीत कमीपणा नाही, हेही सांगतो. नाणं दोनदा उडवून किमान एकदा छापा येण्याची संभाव्यता २/३ आहे, असं फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये छापलं होतं. पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, म्हणून त्यांनी तीनच निष्पत्ती धरल्या. पण त्या तीन समसंभाव्य नाहीत. पहिलीचाच वाटा १/२ आहे. बरोबर उत्तर ३/४.

गोटी परत न ठेवण्याच्या गणितांत वृक्षाकृतीशिवाय (प्रत्येक शक्यतेची एक फांदी दाखवणाऱ्या आकृतीशिवाय) पुढे जाऊ देत नाही. ३ लाल आणि २ निळ्या गोट्यांतून दोन्ही लाल येण्याची संभाव्यता ३/५ × २/४ म्हणजे ३/१०. परत ठेवली तर ९/२५. दुसऱ्या फांदीवर छेद ४ झाला का, एवढंच तपासायचं.

शेवटी दोन्ही विषय एकत्र आणणारं गणित देतो. १, २ आणि ३ सेंटिमीटर त्रिज्यांची एककेंद्री वर्तुळं. मोठ्या वर्तुळात यादृच्छिक बिंदू घेतला तर तो मधल्या कड्यात पडण्याची संभाव्यता किती? भाग तीन, म्हणून १/३, असं उत्तर येतं. ते योगायोगाने बरोबरच आहे! म्हणून लगेच बाहेरचं कडं विचारायचं. क्षेत्रफळं १, ४, ९ च्या प्रमाणात, म्हणून आतून बाहेर १/९, ३/९, ५/९. एखादं मूल विचारतं, नेम धरून बाण मारला तर? तर हे उत्तर लागू नाही, कारण मग सारख्या क्षेत्रफळांना सारखी संधी राहत नाही.