शाप आणि एक जुना बूट

आज इंग्लंडमध्ये डार्टमूर नावाच्या ओसाड माळरानाच्या कडेला, बकफास्टली गावात रिचर्ड कॅबेलची कबर पाहिली. १६७७ साली वारलेला हा जमीनदार. कबरीवर जड दगड, भोवती छोटीशी खोली, तिला लोखंडी गज. मेल्यावरही तो बाहेर पडू नये म्हणून, असं लोक सांगतात! रात्री इथे शिकारी कुत्री येऊन रडतात, अशी दंतकथा. १९०१ मध्ये शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉईल डार्टमूरला येऊन राहिला होता. त्याच्या होम्स-कादंबरीतल्या बास्करव्हिल घराण्याच्या, भुताच्या कुत्र्याच्या शापाला याच मुलखाची हवा लागलीय.

गजांतून आत बघताना मला त्या घराण्याचा वारस सर हेन्री याचा बूट आठवला. हॉटेलातून आधी नवा बूट जातो, मग जुना नाहीसा होतो आणि नवा परत सापडतो. होम्सला नेमकं हेच खटकतं. नव्या बुटाला मालकाचा वास नसतो. पण भुताच्या कुत्र्याला वास हवाच कशाला? म्हणजे कुत्रा हाडामांसाचा, आणि त्याला सोडणारा माणूसही! किती सुंदर विचार आहे हा.

घराण्याला शाप आहे म्हणून जन्मभर धास्तावलेली माणसं मी आपल्याकडेही पाहिलीत. फार वाईट वाटतं. ओळखीतल्या एका घराने त्या भीतीपोटी वडिलोपार्जित जमीन पडीक टाकली. सातबाऱ्यावर आता कुणाचं नाव आहे, हे बघायलाही कुणी गेलं नाही.