वाणिज्य दूतावासातलं वाणिज्य

मराठी वर्तमानपत्रांत 'कॉन्स्युलेट'ला वाणिज्य दूतावास म्हणतात. लहानपणापासून हा शब्द वाचला, पण त्यातल्या 'वाणिज्य'कडे कधी लक्ष गेलं नव्हतं. ते गेलं टेक्ससमधल्या एल पासोला राहायला आल्यावर.

इथे डाउनटाउनमधून दक्षिणेला चालत निघालं की थोड्याच वेळात देश संपतो. काँक्रीटच्या पाटात बांधलेली रिओ ग्रांदे, तिच्यावर पूल आणि पलीकडे मेक्सिकोचं सियुदाद हुआरेस. तिथल्या कारखान्यांत, म्हणजे 'माकिलां'मध्ये, गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे विजेच्या तारांचे जुडगे, तयार होतात. ते ट्रकने पूल ओलांडून आमच्या गोदामात येतात आणि पुढे अमेरिकाभर जातात.

गेल्या उन्हाळ्यात गोदामातल्या फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सहकाऱ्याचे वडील वारले. चाळीस वर्षं ते इथे राबले, पण माती चिवावा राज्यातल्या आपल्या गावची मिळावी ही त्यांची इच्छा होती. पार्थिव सीमेपलीकडे न्यायचं तर मेक्सिकोच्या कॉन्सुलादोचा, म्हणजे वाणिज्य दूतावासाचा, परवाना लागतो. सहकारी गाडी चालवण्याच्या मनःस्थितीत नव्हता, म्हणून मी त्याला घेऊन गेलो.

खिडकीपलीकडच्या बाईंनी मृत्यूचा दाखला आणि वडिलांचा जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मेक्सिकन माणसाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. इथल्या दाखल्यात आईकडचं गळलं होतं. म्हणजे कागदावर ही दोन वेगळी माणसं झाली. आता परत पाठवतील असं वाटून मी मान खाली घातली. पण बाईंनी तिथूनच अंत्यविधी करणाऱ्यांना फोन लावला, काय दुरुस्त करून आणायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि म्हणाल्या, "चारच्या आत या, मी थांबते." त्या थांबल्या.

अमेरिकेत मेक्सिकोच्या अशा पन्नासेक कचेऱ्या आहेत. एकट्या टेक्ससच्या सीमेवर एल पासो, प्रेसिडिओ, डेल रिओ, ईगल पास, लारेडो, मॅकॅलन आणि ब्राउन्सव्हिल इथे त्या सापडतात. तिथून 'मात्रिकुला' नावाचं ओळखपत्र मिळतं. त्याची परंपरा 1871 पासूनची. इथली कागदपत्रं नसलेल्या मजुरालाही ते दाखवून अनेक बँकांत खातं उघडता येतं. 2023 साली परदेशातल्या मेक्सिकन लोकांनी 60 अब्ज डॉलरहून जास्त पैसे घरी पाठवले. त्यातले बहुतेक अमेरिकेतून गेले. त्या पैशाची वाट पुष्कळदा याच खिडकीवरून जाते.

उलट दिशेलाही तसंच. हुआरेसमधल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातून मेक्सिकन लोकांना 'बॉर्डर क्रॉसिंग कार्ड' मिळतं. टेक्ससमध्ये त्यावर सीमेपासून 25 मैलांपर्यंत येता येतं. एल पासो स्ट्रीटवरची कपड्यांची, बुटांची दुकानं या कार्डवाल्यांच्या जिवावर चालतात. कोविडच्या काळात 21 मार्च 2020 पासून 8 नोव्हेंबर 2021 पर्यंत त्यांना पुलावरून येता आलं नाही. मालाचे ट्रक मात्र रोज धावत होते. तरी त्या रस्त्यावर एकामागून एक शटर खाली आलेली मी बघितली आहेत. नुसता माल हलला म्हणजे व्यापार चालला असं नाही, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं.

आपल्याकडे परदेशी निघताना मुलं विचारतात, तिकडे व्हिसा कसा, पगार किती. आपल्या देशाची कचेरी जवळ आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारा. गावाकडच्या जमिनीसाठी भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं होतं तेव्हा मला ह्यूस्टनचा भारतीय वाणिज्य दूतावास गाठावा लागला. राज्य तेच, पण अंतर सुमारे 1,200 किलोमीटर. एल पासोहून पॅसिफिक किनारा त्याहून थोडा जवळ पडतो! माझ्या सहकाऱ्याची कचेरी त्याच्याच शहरात होती. वडील गेले त्या आठवड्यात त्याला याचा केवढा आधार झाला, ते मी शेजारी बसून पाहिलं.

परवाना मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी शववाहिका पुलावर चढली तेव्हा मी मागच्या गाडीत होतो. शेजारी ट्रकची रांग घरघरत होती. पलीकडच्या अधिकाऱ्याने कागद उलटला, शिक्का पाहिला, पूर्ण नाव मोठ्याने वाचलं, दोन्ही आडनावांसकट. मग टोपी काढली आणि वाट मोकळी करून दिली.