बिजागरीचा हिशेब

१९७४ साली जपानमध्ये ‘गेटर रोबो’ ही ॲनिमे मालिका सुरू झाली. तिच्यात तीन लढाऊ विमाने हवेतल्या हवेत एकापाठोपाठ एक येऊन आदळत आणि त्यांतून एक अवाढव्य यंत्रमानव उभा राहत असे. विमानांचा क्रम बदलला की यंत्रमानवही बदले. एक आकाशात लढणारा, दुसरा जमिनीवरचा, तिसरा पाण्यातला. हात कोठून निघाले, पाय इतका वेळ कोठे दडले होते, पोलाद रबरासारखे ताणले कसे गेले, हे विचारण्याची सोय नव्हती, कारण गो नागाई आणि केन इशिकावा यांच्या कल्पनेला रेषेची साथ होती आणि रेषेला ना जाडी असते ना वजन. खेळणी करणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. त्यांनी यंत्रमानव सुटेसुटे करून विकले आणि जोडणीचे काम मुलांच्या कल्पनाशक्तीवर सोपवले. दोनच वर्षांनी ‘कॉम्बॅटलर व्ही’ ही मालिका आली, तेव्हा पॉपी या कंपनीच्या खेळण्यातील पाच वाहने खरोखरच एकमेकांत बसत होती आणि बसल्यावर त्यांचा यंत्रमानव होत होता. पडद्यावरची थाप हातात घेऊन तपासता येऊ लागली ती तेव्हापासून.

यंत्रमानवांची खेळणी जमवण्या-जोडण्याच्या छंदाकडे मी वळलो तो अशा तपासणीच्या ओढीने. माझी सारी नोकरी भोसरीच्या एका टूलरूममध्ये, प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवण्यात गेली. मिक्सरची झाकणे, बॅटऱ्यांची खोकी, मोटारीच्या डॅशबोर्डचे तुकडे असा सगळा अरसिक माल. त्या सवयीने प्लास्टिकची कोणतीही वस्तू हाती आली की साच्याचे दोन भाग कोठे मिळाले, वितळलेले प्लास्टिक कोठून आत शिरले आणि पिनांनी वस्तू कोठून बाहेर ढकलली, हे मला आधी दिसते. वस्तू त्यानंतर दिसते. घरी येणारे पाहुणे दिवाणखान्यातले काचेचे कपाट पाहून ‘नातू कितवीत आहे?’ असे कौतुकाने विचारतात. ‘नातू नाही हो, आमचे हेच,’ असे सौ. माझ्याकडे बोट दाखवून सांगते, आणि मग पाहुणे विषय बदलतात.

कपाटात वरच्या खणात धातूचे ऐवज आहेत. ‘मॅझिंगर झेड’ ही मालिका १९७२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि तिच्या कथेत ‘चोगोकिन’ नावाचा एक काल्पनिक, अभेद्य धातू होता. पॉपीने १९७४ मध्ये त्याच नावाने जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव खेळणी बाजारात आणली. अभेद्य वगैरे ती अर्थातच नव्हती, फरशीवर पडली की रंगाचा टवका उडे. पण मुलाच्या तळहाताला जो थंडपणा आणि जे वजन जाणवले, त्याने काम केले. याविषयी याहून अधिक मला लिहावेसे वाटत नाही, कारण चोगोकिनचे मोल वजनात आहे आणि माझा जीव अडकला आहे तो सांध्यांत.

प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडायच्या यंत्रमानवांची, म्हणजे ‘गनप्ला’ची गोष्ट निराळी आणि थोडी गमतीची आहे. ‘मोबाइल सूट गंडम’ ही योशियुकी तोमिनो यांची मालिका एप्रिल १९७९ मध्ये सुरू झाली, ती क्लोव्हर नावाच्या खेळण्यांच्या कंपनीच्या पैशावर. लहान मुलांसाठी असलेल्या या मालिकेत युद्धाची दमछाक आणि माणसांची मने इतकी होती की मुले रमली नाहीत. ५२ भागांची योजना ४३ भागांवर गुंडाळावी लागली. पुनःप्रक्षेपणांत मात्र थोडी मोठी मुले तिच्याभोवती जमली आणि त्यांना क्लोव्हरची भडक खेळणी नको होती. बांदाई या खेळण्यांच्या कंपनीने जुलै १९८० मध्ये १/१४४ या मापाचा, ३०० येन किमतीचा एक साधा संच काढला. पांढऱ्या प्लास्टिकच्या त्या भागांना गोंद लावावा लागे, रंग आपणच द्यावा लागे, आणि तयार झालेला गंडम जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा असे. तरीही जपानभर त्याची लाट आली. जानेवारी १९८२ मध्ये चिबा प्रांतातील एका दुकानात संच मिळवण्यासाठी धावलेल्या मुलांची सरकत्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन अनेक मुले जखमी झाली. क्लोव्हर १९८३ मध्ये बुडाली.

या यशाचे कारण मला त्या मापात दिसते. आधीचे यंत्रमानव प्रसंगाप्रमाणे लहान-मोठे होत; कधी घराएवढे, कधी डोंगराएवढे. गंडमची उंची १८ मीटर ठरलेली होती, आणि एकदा उंची ठरली की कल्पनेतल्या वस्तूलाही रणगाड्याप्रमाणे किंवा विमानाप्रमाणे प्रमाण लावता येते. मग दार केवढे, पायरी केवढी, चालकाची खुर्ची कोठे मावेल, असे प्रश्न रास्त ठरतात. ज्या मुलांनी दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे संच जोडले होते, त्यांना हा प्रश्नांचा खेळ ओळखीचा होता.

तो ओळखीचा असण्यात शिजुओका शहराचा मोठा वाटा आहे. तामिया, आओशिमा, फुजिमी आणि शेजारच्या याइझूमधली हासेगावा ही प्रतिकृतींच्या धंद्यातली मोठी नावे याच परिसरातली. येथे लाकूडकामाची जुनी परंपरा होती. तामियासुद्धा १९४६ मध्ये लाकडाचा व्यापार म्हणून सुरू झाली, मग लाकडी प्रतिकृतींकडे आणि तेथून प्लास्टिककडे वळली. गनप्लाही याच शहरात तयार होतात. आता तेथे टपालपेटी आणि टेलिफोनचा बूथसुद्धा चौकटीत अडकवलेल्या सुट्या भागांच्या रूपात उभे केलेले आहेत. पिंपरी-चिंचवडने कधी आपल्या साच्यांचा असा अभिमान बाळगल्याचे मला स्मरत नाही.

नव्या संचाचे खोके उघडले की आत सपाट चौकटी असतात. वितळलेले प्लास्टिक ज्या वाटांनी साच्यात पसरते त्या वाटाच थिजून ही चौकट होते, आणि तिला बारीक देठांनी भाग लगडलेले असतात. आमच्या कारखान्यात हा रनर म्हणजे कचरा. तोडून पुन्हा दळायला टाकायचा. येथे तोच मांडणीचा भाग होतो, प्रत्येक चौकटीला अक्षर आणि प्रत्येक भागाला क्रमांक. १९९० मध्ये बांदाईने एकाच चौकटीत चार रंगांचे भाग दिले, तेव्हा हे साचे पाहिलेल्या कोणत्याही टूलमेकरला रात्री झोप लागली नसेल. त्याहून पुढची करामत २०१० च्या ‘रिअल ग्रेड’ संचांत आहे. त्यांत सांगाड्याचा हात किंवा पाय सांध्यांसह चौकटीतच तयार होऊन येतो: आधी एक प्लास्टिक ओतायचे, मग त्याच्याभोवती त्याला न चिकटणारे दुसरे ओतायचे, म्हणजे दोन्ही भाग एकमेकांत अडकलेले पण हलते राहतात. चौकटीतून कापून काढल्याबरोबर गुडघा वाकतो. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तो गुडघा बराच वेळ नुसता वाकवत बसलो होतो.

कापण्याचेही एक शास्त्र आहे. पक्कडीने देठ भागाच्या अगदी लगत तोडला तर प्लास्टिकवर ताण येऊन तेथे पांढरा डाग उठतो, आणि गडद निळ्या रंगावर तो कायमचा दिसत राहतो. म्हणून आधी थोडा देठ ठेवून तोडायचे, मग उरलेला खुंट पातळ पात्याच्या पक्कडीने हळूच कातरायचा आणि शेवटी चारशेपासून हजारपर्यंतच्या पॉलिश पेपरने घासायचा. पत्र्यांमधल्या खाचांत पातळ काळा रंग सोडण्याचे काम मला सर्वांत आवडते. ब्रश खाचेच्या एका टोकाला नुसता टेकवायचा. रंग आपोआप खाचेतून धावत जातो आणि सपाट दिसणारे चिलखत एकदम जाड, बोजड, खरे वाटू लागते. मात्र हा रंग एनॅमलचा असेल आणि भाग ताणाखालच्या एबीएस प्लास्टिकचा असेल, तर थिनर आत झिरपून सांधा तडकतो. अशा वेळी रंग आधी द्यावा, जोडणी मागाहून करावी.

हे सगळे झाले तरी माझे मन रमते ते ‘मॅक्रॉस’ या ॲनिमे मालिकेतल्या व्हॅल्किरी नावाच्या विमानात. ऑक्टोबर १९८२ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा तिच्या विमानाची रचना करणारे शोजी कावामोरी अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी अमेरिकी एफ-१४ विमानाचा आधार घेतला: मागे वळणारे पंख, दोन इंजिने, दोन शेपट्या. हे विमान यंत्रमानवात बदलते, आणि या दोहोंच्या मध्ये त्याचे तिसरेही एक रूप आहे, ज्यात विमानाला फक्त हातपाय फुटलेले असतात आणि ते चिखलात उतरलेल्या बगळ्यासारखे गुडघे उलटे मोडून उभे राहते. रूपांतरांचे नमुने कावामोरी लेगोच्या ठोकळ्यांतून जुळवून पाहतात, हे प्रसिद्ध आहे. त्यांच्या रचना चित्रापेक्षा हाताने आधी विचार केलेल्या का वाटतात, ते यावरून कळते.

ताकातोकु कंपनीने काढलेले १/५५ मापाचे व्हॅल्किरीचे खेळणे हाती घेतले म्हणजे तो विचार बोटांना समजतो. विमानाच्या पोटाखालची दोन इंजिने म्हणजे त्याचे पाय. मागची झोते सोडणारी नळकांडी दोन पाकळ्यांची आहेत. त्या फाकवल्या की एक पाकळी चवडा होते आणि दुसरी टाच. पंजे मनगटाआड जातात, हात घडी होऊन दोन्ही इंजिनांच्या मधल्या जागेत पडून राहतात, आणि पोटाखाली लेझरची नळी म्हणून जे लोंबत असते ते पुढे त्याचे डोके निघते. यांत वाया गेलेली वस्तू जवळजवळ नाही. खरी मेख पायांच्या जागेत आहे. विमानात पाय जेथे असतात तेथेच ठेवले तर माणसाची आकृती उभी राहत नाही. ते पुढे आणून नाकाच्या दोन्ही बाजूंना बसवावे लागतात. पडद्यावर हे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकते. खेळण्यात मात्र त्यासाठी एक आखूड झुलती दांडी घालावी लागली, आणि साऱ्या खेळण्याचा भार त्या दांडीवर येतो. नंतरच्या काळातल्या काही देखण्या, बारीक कामाच्या आवृत्त्यांत पाय चक्क काढून पुन्हा लावावे लागत. त्या दिसायला मूळ चित्राच्या अधिक जवळ होत्या, तरीही मी म्हणेन की ताकातोकुचे ठेंगणे, जाड घोट्यांचे खेळणे श्रेष्ठ, कारण त्याने अवघड प्रश्नाला बगल दिली नाही.

या मुद्द्यावरून संग्राहकांत तट आहेत. गंडमच्या घराण्यातला झेटा हा १९८५ चा यंत्रमानव उडत्या यानात बदलतो, आणि त्याच्या कित्येक संचांत यानासाठी वेगळा मधला भाग दिलेला असतो: छाती काढून ठेवायची, तो भाग लावायचा, यान तयार. सांधे घट्ट राहतात, आकृती सुडौल राहते, असे त्याचे समर्थन केले जाते आणि ते खरेही आहे. १/१४४ इतक्या लहान मापात सगळे रूपांतर भागांची अदलाबदल न करता साधायचे म्हटले की सांधे इतके होतात की यंत्रमानव उभा राहताना डुगडुगतो. मला तो डुगडुगणारा चालतो. छाती काढून बाजूला ठेवली की ती टेबलावर पडून राहते आणि रूपांतर झाले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ताकातोकु १९८४ मध्ये दिवाळ्यात गेली, पण साचे मरत नाहीत; ते बांदाईकडे गेले. बांदाईकडून परवाना घेऊन अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८५ मध्ये हेच व्हॅल्किरी ‘जेटफायर’ या नावाने आपल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या रूप बदलणाऱ्या खेळण्यांच्या मालिकेत आणले. ट्रान्सफॉर्मर्सची बहुतेक मंडळी मुळात ताकारा या कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतली जपानी खेळणीच होती, आणि ताकारा ही बांदाईची प्रतिस्पर्धी. त्यामुळे तिने जपानमध्ये जेटफायर विकले नाही. अमेरिकेतल्या कार्टूनमध्येही हे पात्र रूप आणि नाव बदलून ‘स्कायफायर’ म्हणून आले. परिणामी ज्या मुलांनी जेटफायर विकत घेतले त्यांना टीव्हीवर ते सापडले नाही. एका साच्याने इतक्या कंपन्यांना इतके अवघडल्यासारखे केल्याचे दुसरे उदाहरण माझ्या धंद्यात मी पाहिलेले नाही.

माझे १/५५ मी तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या इमारतीत घेतले, कंपनीच्या कामासाठी गेलो असताना. १९६६ मध्ये बांधलेल्या या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर जुन्या खेळण्यांची आणि कॉमिक्सची दुकाने दाटीवाटीने आहेत; मंदाराके हे त्यांतले प्रसिद्ध दुकान १९८० पासून तेथे आहे. विक्रेत्याने खोक्याची कोपऱ्यातली मोड, रंगाचा एक टवका आणि पंखाचा पिवळेपणा हे सगळे चिठ्ठीवर लिहून दिले होते. पांढरे एबीएस उजेडाने पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की ते पुन्हा उजळते, पण मी ते करत नाही. विरंजनानंतर प्लास्टिकचा पृष्ठभाग पूर्वीचा राहतो असा माझा अनुभव नाही, आणि कपाट खिडकीपासून दूर ठेवणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. पुण्याच्या पावसाळ्यात स्टिकरच्या कडा उचलतात, तेव्हा खणात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्या लागतात, आणि त्या बदलायची आठवण मला नव्हे तर सौभाग्यवतीला राहते.

न जोडलेली खोकी पलंगाखाली आहेत. ती वाढतात, आणि जोडण्याचा वेग त्यांना गाठत नाही. जपानमध्येही घरोघरी असेच ढीग असतात असे ऐकून मला धीर येतो. व्हॅल्किरी मात्र बाहेरच असते. ते कोणत्या रूपात ठेवायचे यावर आमच्या घरी एकमत नाही. मला विमान आवडते, कारण त्यात सगळे काही दडलेले असते. मुलगी म्हणते, ‘बाबा, यंत्रमानव घेतला आहे तर यंत्रमानव दिसू दे की.’ सौ.ला पुसायला सोपे पडते म्हणून ती आमचे दोघांचेही न ऐकता त्याला मधल्या रूपात, उलट्या गुडघ्यांवर उभे करून ठेवते.